रजिस्टरमधला सिकलसेल

आज गडचिरोलीकडच्या एका उपकेंद्रात गरोदर मातांची सिकलसेलची, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी होती. सोल्युबिलिटी टेस्ट या झटपट चाचणीत रक्ताचं मिश्रण गढूळ झालं, नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, रजिस्टरला ‘पॉझिटिव्ह’ चढलं. गाडी अडते ती इथंच! ही टेस्ट वाहक (अंगात दोष आहे, पण आजार नाही) की रुग्ण, ते सांगत नाही; त्याला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीच लागते. हिमोग्लोबिन फार कमी असलं तर निगेटिव्हही फसवी निघू शकते. म्हणून निकाल त्याच दिवशी मातेच्या कार्डावर ठळक लिहा आणि नवऱ्याचंही रक्त घ्या. दोघं वाहक असले तर प्रत्येक खेपेला बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. पुढं ती माता ताप, सांधेदुखी घेऊन ओपीडीत येते, तेव्हा डॉक्टरांसमोर आशाताईंचं रजिस्टर नसतं, फक्त ते कार्ड असतं.