दरजा भरताना

शाळेच्या स्मरणिकेत आठवणी बरेच जण लिहितील. ज्याची नोकरी जुन्या दगडी पुलांच्या डागडुजीत गेली त्यानं पुलाबद्दल लिहावं, म्हणून हा प्रपंच.

उदाहरण इंग्लंडचं घेतो. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे १८३० साली सुरू झाली. तिच्या वाटेत सँकीचा कालवा आडवा होता, आणि तो १७५७ पासूनचा. त्यातल्या शिडाच्या होड्या डोलकाठीसकट खालून जायला हव्यात, म्हणून रेल्वे बांधणारा इंजिनिअर जॉर्ज स्टीफन्सन याला पूल साठेक फूट उंच न्यावा लागला. पन्नास फुटी नऊ कमानी! एवढ्या कमानी कालव्यासाठी नव्हेत, दरीसाठी. साठ फुटी मातीचा भराव टाकायचा तर दीडास एक उतार (दीड फूट आडवं, एक फूट उभं, दोन्ही बाजूंना) आणि पंचवीस फूट माथा धरून पायथा दोनशे पाच फूट रुंद होतो, म्हणून कमानी. नववीच्या मुलांनी करून पाहावं. तळ मऊ, म्हणून पायात लाकडी पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, ठोकले. लाकूड कायम पाण्यात असेल तर कुजत नाही. पाणी वरखाली होतं तिथं कुजतं. २०१५ पासून या मार्गावर विजेच्या गाड्या धावतात.

अशा पुलाचा खरा शत्रू गाडीचं वजन नाही, वरून मुरणारं पाणी. खडीखालच्या भरावातलं पाणी नळातून बाहेर पडलं पाहिजे. नळ तुंबला की कमानीच्या पोटावर चुन्याचे पांढरे ओघळ दिसतात, म्हणजे दरजांमधला, दगडादगडांच्या सांध्यांतला, चुना वाहून चालला. मग कुणीतरी घाईनं सिमेंटनं दरजा भरतो. सिमेंटमधून ओल बाहेर येत नाही, ती वालुकाश्मातून वाट काढते, थंडीत गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दरज शाबूत, दगड गेला! आपला काळा दगड पाणी फारसं पीत नाही, म्हणून आपल्याकडे ही चूक उशिरा उघडी पडते, एवढंच.

आधी नळ साफ करा. मग छिन्नीनं, ग्राइंडरनं नव्हे, दरज रुंदीच्या दुप्पट खोल कोरा. धुवा, ओली ठेवा, एक भाग पाण्यात घट्ट होणारा चुना आणि तीन भाग वाळू दाबून भरा. चुना आवळू लागला की ताठ ब्रशनं ठोका आणि काही दिवस ओलं गोणपाट बांधा. शेवटी दर्शनी दगडांवर हातोडी मारून ऐका. बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे. भोर घाटातला एक दगडी पूल १८६७ साली कोसळला, तोही आतल्या कच्च्या बांधकामापायी.