तोरादोरा, दुसऱ्यांदा

२४ डिसेंबर, रात्री साडेबारा

भाची संध्याकाळच्या गाडीने आली. नाताळची सुट्टी, १ तारखेपर्यंत मुक्काम. सॅक टाकली न टाकली तोच म्हणाली, "मावशी, तू तोरादोरा पाहिली आहेस ना? मी अठराव्या भागापर्यंत आलेय आणि मला त्या मिनोरीचा इतका राग आलाय ना!"

पाहिली होती. २०१० च्या पावसाळ्यात, हॉस्टेलच्या खोलीत, चौघी एका कॉटवर दाटीवाटीने बसून, एकीच्या लॅपटॉपवर. तोरादोरा म्हणजे शाळकरी मुलांच्या प्रेमाची अॅनिमे, जपानी कार्टून मालिका. जपानमध्ये ती ऑक्टोबर २००८ ते मार्च २००९ या काळात लागली होती. आमच्यापर्यंत ती पेन ड्राइव्हवरून फिरत फिरत आली. तेव्हा मलाही मिनोरीचाच राग आला होता. तो राग अजून शिल्लक आहे का ते बघायचं ठरवलं. पंचवीस भाग, रोज पाच धरले तर पाच रात्री. पहिल्यापासून लावली.

र्युजीचे डोळे त्याच्या गुंड बापासारखे, त्यामुळे शाळेत सगळे त्याला टरकून असतात. प्रत्यक्षात पोरगा घरातली बुरशी घासून काढण्यात आनंद मानणारा, स्वयंपाक करणारा, आईची काळजी घेणारा. ताइगा त्याच्या शेजारच्या उंच इमारतीत एकटी राहते. उंची १४४ सेंटिमीटरसुद्धा नाही, पण तोंड आणि हात असे चालतात की शाळेत तिला तळहातावरची वाघीण म्हणतात. तिला आवडतो र्युजीचा मित्र कितामुरा; र्युजीला आवडते ताइगाची मैत्रीण मिनोरी. कितामुरासाठी लिहिलेली चिठ्ठी ती चुकून र्युजीच्या दप्तरात टाकते आणि ती परत घ्यायला मध्यरात्री लाकडी तलवार घेऊन त्याच्या घरात घुसते. पाकीट उघडलं तर रिकामं, चिठ्ठी आत घालायचीच राहिलेली. आणि ही वाघीण भुकेने कोसळते. तो उठतो आणि तिला भात परतून देतो.

तो प्रसंग पाहताना दोघींनाही भूक लागली. दुपारचा भात होताच. मोहरी, कढीपत्ता, शेंगदाणे, भरपूर कांदा, वरून लिंबू. भाची कढईतूनच खायला लागली, ताइगासारखी, मान वर न करता. मला वाटतं या मालिकेत प्रेम म्हणून जे काही आहे ते इथेच सुरू होतं, त्या परतलेल्या भातापाशी. पुढचे अठरा भाग दोघांनाही त्याचा पत्ता नसतो, एवढंच.

भाचीला एक गोष्ट खटकली. "ही त्याला सारखी मारते कशाला? आणि ते विनोदी का म्हणून?" हॉस्टेलवर आम्ही हसलो होतो. आज ती हसली नाही, आणि तिचं बरोबर आहे. त्या काळच्या मालिकांमध्ये मुलीने मुलाला बदडणं हा ठरलेला विनोद असायचा. आता तो बघवत नाही.

२६ डिसेंबर

शाळेच्या महोत्सवाचे भाग झाले. ताइगाचे वडील अचानक येतात, मुलीला पुन्हा जवळ घ्यायचं म्हणतात. र्युजीने बाप पाहिलेलाच नाही. म्हणून तो ताइगाच्या मागे लागतो, माफ कर, जा त्यांच्याकडे. मिनोरीला हे कळल्यावर ती चिडते, कारण हा माणूस याआधीही असाच येऊन गेलाय आणि मैत्रिणीचे हाल तिने पाहिलेत. र्युजी ऐकत नाही. महोत्सवाच्या दिवशी ताइगा सजून रंगमंचावर उभी राहते आणि वडील येत नाहीत.

पहिल्या वेळी मी हा भाग दुष्ट बापाची गोष्ट म्हणून पाहिला होता. आज माझं लक्ष र्युजीवर होतं. त्याला स्वतःला जे हवं होतं ते त्याने ताइगाला देऊ केलं, आणि तिला काय हवंय हे विचारलंच नाही. पोरगा वाईट नाही, उलट फार चांगला आहे. या मालिकेतल्या सगळ्या जखमा चांगल्या माणसांनी, भल्यासाठी केलेल्या आहेत. हे वाक्य लिहून मी बराच वेळ पेन हातात धरून बसले.

आमीबद्दल थोडंसं. हॉस्टेलवर आमच्यात तट पडले होते: दोघी ताइगाच्या बाजूच्या, एक मिनोरीची, आणि लॅपटॉपवाली एकटी आमीची. आम्ही तिला वेड्यात काढायचो. आमी मॉडेल, लोकांसमोर गोड, आत तिखट, सगळ्यांच्या खपल्या काढणारी. आता भाचीही आमीच्याच बाजूने आहे. "तिला सगळं दिसतं गं मावशी, आणि ती बोलते. बाकीचे नुसते हसतात." खरंय. मिनोरीला तोंडावर विचारते कोण, की तुझी ती अपराधी भावना गेली का? आमीच. मात्र दुसऱ्यांचा गुंता तिला जेवढा स्पष्ट दिसतो तेवढं स्वतःचं मन तिला उघड करता येत नाही. खेळ सुरू झाल्यावर आलेली मुलगी ती, तिला कुठल्याच गटात जागा नाही. वीस वर्षांची असताना मला हे दिसलं नव्हतं, आणि सोळा वर्षांच्या मुलीला पहिल्या फटक्यात दिसलं.

२७ डिसेंबर, दीड वाजलाय

आज नाताळचे भाग. आपल्याकडे नाताळ म्हणजे केक आणि चर्चची घंटा. जपानमध्ये २४ डिसेंबरची संध्याकाळ जोडप्यांची मानली जाते. म्हणून त्या रात्री कोण कुणाजवळ आहे याला एवढं वजन आहे. ही मालिका दर डिसेंबरमध्ये पुन्हा काढून पाहणारे लोक आहेत. आज आम्ही दोघी त्यांच्यातल्याच.

आधी ती चांदणी. शाळेच्या सभागृहातल्या ख्रिसमसच्या झाडावर ताइगाने आपली जपून ठेवलेली काचेची चांदणी लावलेली असते. मिनोरी सॉफ्टबॉल खेळणारी. तिचा चेंडू खिडकी फोडून आत येतो आणि चांदणीच्या ठिकऱ्या होतात. मिनोरी जमिनीवर बसते आणि एकेक तुकडा जुळवायला लागते. र्युजी तिच्या शेजारी बसतो. तुकडे चिकटतात, पण भेगा दिसत राहतात. या दृश्यात काही म्हणजे काही घडत नाही. तरी मिनोरीची सगळी गोष्ट यातच आलीय: ताइगाचं काही मोडलं तर ते आपल्याच हाताने मोडलं, या भीतीत ती जगते.

मग एकोणिसावा भाग. घरी एकट्या बसलेल्या ताइगाकडे र्युजी अस्वलाचा पोशाख चढवून सांताक्लॉज म्हणून येतो. दोघं हसतात. मग तीच त्याला ढकलून पाठवते, जा, मिनोरी वाट बघत असेल. दार लागतं. आणि घर रिकामं झाल्यावर तिच्या लक्षात येतं की आता हा माणूस रोज आपल्या शेजारी नसणार. ती तशीच अनवाणी रस्त्यावर धावत सुटते आणि रडत त्याचं नाव घेत राहते. र्युजी, र्युजी.

इथे नावाकडे कान द्यावा लागतो. जपानी शाळेत सहसा एकमेकांना आडनावाने हाक मारतात, आणि मुलग्यांच्या आडनावामागे बऱ्याचदा "कुन" लावतात. र्युजीचं आडनाव ताकासू, म्हणून मिनोरीसाठी तो शेवटपर्यंत "ताकासू-कुन". ताइगासाठी सुरुवातीपासून नुसता "र्युजी", आणि ज्याच्यावर तिचा जीव जडलाय तो मात्र "कितामुरा-कुन". ज्याला ती अहो-जाहो करते त्याच्यावर प्रेम आहे असं ती समजते, आणि ज्याला अरे-तुरे करते त्याच्याशिवाय तिचं पान हलत नाही. तुम्ही आणि तू यांतलं अंतर ज्यांच्या भाषेत आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. भाचीच्या ते लक्षात आलं तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला.

मिनोरी ते रडणं पाहते. आणि थेट शाळेत जाऊन, र्युजीने तोंड उघडण्याआधीच त्याला नाही म्हणते. उन्हाळ्यात तिने त्याला सांगितलेलं असतं की प्रेम म्हणजे भुतं दिसण्यासारखं, काहींना दिसतात, आपल्याला नाही, पण दिसावीत असं वाटतं. आता ती म्हणते, नाही दिसली तरी चालतील. हसत हसत म्हणते.

भाची आधी गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे हिने मैत्रिणीसाठी सोडलं. बिचारी." दोन मिनिटांनी स्वतःच म्हणाली, "पण मावशी, हिने त्याला विचारलं कुठे? ताइगाला तरी विचारलं का?"

मी काही बोलले नाही, कारण मला माझंच आठवलं. मालिका पाहून दोन महिनेही झाले नव्हते. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी आमच्या कॉलेजात निवड चालू होती. मुख्य भूमिकेसाठी शेवटी दोघी उरलो, मी आणि ती लॅपटॉपवाली. तिच्या घरी तेव्हा वाईट चाललं होतं, तिला काहीतरी चांगलं मिळायला हवं असं मला मनापासून वाटलं. मी दिग्दर्शकाला सांगितलं, घसा बसलाय, आवाज लागत नाही. भूमिका तिला मिळाली. तिने ती फार छान केली. पुढे कधीतरी वाद झाला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की ती मी तुझ्यासाठी सोडली होती. वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. आपल्याकडे त्याग म्हटलं की हात जोडले जातात. घराघरांत कुणीतरी कुणासाठी शिक्षण, नोकरी, माणूस सोडलेलं असतं आणि त्याचे गोडवे गायले जातात. ज्याच्यासाठी सोडलं त्याला काय वाटलं, हे कुणी विचारत नाही. मलाही तिचं रागावणं तेव्हा कृतघ्नपणाचं वाटलं होतं.

२९ डिसेंबर

काल संपली. लिहायला आज बसले.

बर्फातल्या सहलीत ताइगा घसरून पडते, र्युजी तिला उचलून आणतो, आणि अर्धवट शुद्धीत, कितामुराच घेऊन चाललाय असं समजून ती सगळं बोलून जाते: माझं र्युजीवर प्रेम आहे, काही केल्या जात नाही. त्याने हे ऐकलंय हे कितीतरी वेळ तो कुणाला सांगत नाही. तिथून पुढे सगळे भाग म्हणजे एकेकाने आपलं खरं बोलायला शिकणं. व्हॅलेंटाइनला तिकडे मुली चॉकलेट देतात, त्या दिवशी वर्गात मिनोरी ताइगाला धरते. तू माझ्यासाठी मागे हटणार असशील तर मला कमी लेखू नकोस, असा तिचा सूर. गंमत नाही, थरथरत्या आवाजात. आणि नंतर र्युजीसमोर ती कबूल करते की तिचंही त्याच्यावर प्रेम होतं, आणि सांगते की माझं सुख कशात आहे हे मी ठरवणार, दुसरं कुणी नाही.

हॉस्टेलवर या प्रसंगाला आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, ताइगाचा रस्ता मोकळा झाला म्हणून. काल मला रडू आलं ते मिनोरीसाठी. जिने स्वतः न विचारता सोडलं होतं, तीच आता कुणाला आपल्यासाठी काही सोडू देत नाही. वाढ म्हणतात ती हीच ना. जोडी कुणाची जमली यावरून भांडणारे आम्ही सगळे हे पाहायलाच विसरलो होतो.

शेवट भाचीला पटला नाही. दोघं पळून जायचं ठरवतात, र्युजीच्या आजी-आजोबांच्या घरी पोचतात, आणि एवढं सगळं होऊन ताइगा आईशी आपलं नातं निस्तरायला एकटी निघून जाते. परतते ते थेट शाळेच्या निरोपाच्या दिवशी. "आता मिळालं होतं ना सगळं, मग कशाला गेली?" मी तिला र्युजीच्या आईकडे, यासुकोकडे बघायला सांगितलं. ती अशीच कोवळ्या वयात, पोटात मूल घेऊन घर सोडून निघाली होती, आणि आईवडिलांचं तोंड तिने इतक्या वर्षांनी पाहिलं. पळून गेलेली वाट कुठे जाते ते या पोरांनी समोर पाहिलंय. म्हणून ताइगा पळत नाही. भाची म्हणाली, पटतंय पण आवडलं नाही. तेही ठीक.

दुसऱ्या भागात र्युजी ताइगाला सांगतो की वाघाच्या शेजारी उभा राहणारा पूर्वापार एकच, ड्रॅगन. ताइगा हा "टायगर"चा जपानी उच्चार, आणि र्युजीतला "र्यु" म्हणजे ड्रॅगन. तोरा म्हणजे वाघ, दोरा हे "दोरागोन"चं, म्हणजे ड्रॅगनच्या जपानी उच्चाराचं, पहिलं अर्धं. नावातच दोघं खांद्याला खांदा लावून आहेत. बरोबरीचे, कुणी कुणावर उपकार न करणारे.

रात्री मी त्या मैत्रिणीला मेसेज केला. बोलणं तसं कधीच सुरू झालंय, माझ्या लग्नात ती चार दिवस राहिली होती. पण त्या एकांकिकेबद्दल आम्ही दोघींनी पुन्हा शब्द काढलेला नव्हता. मी लिहिलं, तोरादोरा पुन्हा पाहिली, तुझी आमी बरोबर होती. आणि तेव्हा तुला विचारायला हवं होतं.

सकाळी उत्तर आलं होतं. "मला त्याच दिवशी कळलं होतं. घसा बसलाय म्हणालीस आणि संध्याकाळी गेटबाहेर बर्फ घातलेली लस्सी प्यायलीस, तीही दोन ग्लास. पण मला ती भूमिका हवी होती म्हणून गप्प बसले. राग त्याचा आला की मला तुझ्याशी टक्कर देऊन ती घ्यायची होती."

खाली आणखी एक ओळ होती. आज फोन करते, नऊनंतर, मुलगा झोपला की.