कॉनलीला जमलं ते जॉर्डनला का जमलं नाही

बास्केटबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळलेला खेळाडू म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं मायकेल जॉर्डनचं. प्रत्यक्षात तो मेजर लीगचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचा, एकही सामना खेळलेला नाही. १९९४ मध्ये तो बर्मिंगहॅम बॅरन्सकडून खेळला, आणि तो संघ डबल-ए दर्जाचा, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा. मेजर लीग आणि एनबीए (बास्केटबॉलची सर्वोच्च लीग) या दोन्हींत खरोखर उतरलेले खेळाडू आजवर डझनाच्या जरासेच पुढे गेलेत; दोन्हींत विजेतेपद मिळवणारा जीन कॉनली त्यांतलाच. हे खेळाडू बेसबॉलच्या मैदानावर कुठे उभे राहायचे हे पाहिलं, की जॉर्डनचं घोडं कुठे अडलं तेही कळतं.

यातले निम्मे पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारे: जीन कॉनली, डेव्ह डिबूशर, रॉन रीड, स्टीव्ह हॅमिल्टन, डिक रिकेट्स, जॉनी जी, मार्क हेन्ड्रिक्सन. चक कॉनर्स, हॉवी शुल्ट्झ आणि हँक बियासाटी हे फर्स्ट बेसवर, म्हणजे बॅटरने धावत गाठायच्या पहिल्या थांब्यावर, खेळायचे. तिथे उंच माणूस पाय बेसवर ठेवूनच लांबचा थ्रो अडवतो, म्हणून उंची कामाला येते. पिचरला तर ती दुहेरी फायद्याची. पिचर ज्या पट्टीवर पाय टेकतो त्या पिचिंग रबरपासून बॅटरजवळची होम प्लेट १८.४४ मीटरवर असते, पण चेंडू हातातून सुटतो तो दीडदोन मीटर पुढे येऊन. हातपाय लांब असतील तर हे अंतर आणखी घटतं. शिवाय चेंडू उंचावरून तिरका खाली येतो. कॉनलीच्या काळात माउंडही (पिचर उभा राहतो तो उंचवटा) १५ इंच उंच असे. तो १० इंचांवर आला १९६९ मध्ये.

उंचीचा तोटाही आहे. लांब हातापायांच्या माणसाला प्रत्येक वेळी चेंडू नेमक्या त्याच बिंदूवर सोडणं अवघड जातं आणि मग वॉक, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारे बेस, वाढतात. बंट, म्हणजे बॅटने हलकेच समोर टाकलेला चेंडू, उचलायला वाकताना वेळ जातो आणि हालचाल लांबली की बेसवरचा धावपटू चोरी करतो, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच पुढचा बेस गाठतो. तरी पिचरकडे एक गोष्ट असते जी बॅटरकडे नसते: सुरुवातीचा पिचर चार-पाच दिवसांतून एकदाच उतरतो, आणि चेंडू कधी, कुठे, कसा टाकायचा हे तोच ठरवतो.

बॅटरचं तसं नाही. ताशी १४५ किलोमीटरचा फास्टबॉल साधारण ०.४ सेकंदात पोचतो. तेवढ्यात फिरकी ओळखून बॅट फिरवायची की थांबवायची, हे ताकदीवर होत नाही. ती नजर हजारो चेंडू पाहून तयार होते. जॉर्डनने शाळेनंतर स्पर्धात्मक बेसबॉल खेळलं नव्हतं, तो ३१ वर्षांचा होता आणि १.९८ मीटर उंचीमुळे त्याचा स्ट्राइक झोनही (ज्या पट्ट्यातला चेंडू सोडला तरी बॅटरविरुद्ध मोजला जातो तो) मोठा. सुरुवातीला त्याने सलग १३ सामन्यांत हिट (बेस मिळवून देणारा फटका) मारली. मग पिचर फास्टबॉल सोडून वळणारे चेंडू टाकू लागले आणि सरासरी घसरली. शेवटी १२७ सामन्यांत ०.२०२ (म्हणजे शंभर प्रयत्नांत जेमतेम वीस हिट), ३ होम रन आणि ११४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). पण त्याच्या फटक्यांवर आलेल्या ५१ धावा (रन बॅटेड इन) आणि ३० चोरलेले बेसही त्याच मोसमातले, आणि त्या शरद ऋतूत ॲरिझोनाच्या लीगमध्ये त्याने ०.२५२ ची सरासरी गाठली. इतक्या वर्षांच्या खंडानंतर एवढी प्रगती करणाऱ्याला अपयशी म्हणणं मला पटत नाही. त्याला हवी होती आणखी दोनेक वर्षं. पण बेसबॉलचा संप सुरू होता, आणि मार्च १९९५ मध्ये तो शिकागो बुल्स या आपल्या एनबीए संघाकडे परतला.

डॅनी एंजला हाच घाट चढता आला नाही. मेजर लीगच्या टोरोंटो ब्लू जेजकडून तीन मोसमांत २११ सामने आणि सरासरी ०.२२०. १९८१ मध्ये एनबीएच्या बोस्टन सेल्टिक्सने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, घेतलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि अखेर ब्लू जेजला पैसे मोजून सेल्टिक्सने त्याला सोडवून घेतलं. पुढे १९८४ आणि १९८६ ची विजेतेपदं त्याच्या नावावर लागली. याला खरा अपवाद डिक ग्रोट. तो शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, रोज खेळणारा. एनबीएत फोर्ट वेन पिस्टन्ससाठी २६ सामन्यांत सरासरी ११.९ गुण केले, मग लष्करी सेवा झाली आणि पायरेट्स या बेसबॉल संघाच्या जनरल मॅनेजर ब्रँच रिकीने एकच खेळ निवडायला लावला. १९६० मध्ये ०.३२५ सरासरीने तो नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू ठरला. नुसतं बेसबॉलचं कौशल्य मोजायचं तर या यादीत मी ग्रोटला पहिला ठेवेन.

दोन्ही खेळ एकाच वेळी वर्षानुवर्षं ओढले ते मात्र कॉनलीने. उंची २.०३ मीटर. १९५७ मध्ये मिलवॉकी ब्रेव्ह्जसोबत वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, मग १९५९, १९६० आणि १९६१ मध्ये सेल्टिक्ससोबत एनबीएची विजेतेपदं. दोन्ही जिंकणारा तो एकटाच. सेल्टिक्समध्ये त्याचं काम संघाचा मुख्य सेंटर बिल रसेल याला विश्रांती देणं, रिबाउंड (हुकलेल्या फेकीचा चेंडू) ओढणं आणि धक्के खाणं. कारकिर्दीची सरासरी ५.९ गुण, ६.३ रिबाउंड. १९५८ मध्ये पिचर म्हणून ०-६ (शून्य विजय, सहा पराभव) अशी वाताहत झाली होती. त्यानंतर हिवाळाभर बास्केटबॉल खेळून तो फिलीज या बेसबॉल संघाकडे गेला आणि १९५९ चा मोसम १२-७ ने संपवला. तंदुरुस्ती टिकवायला कोर्टवरची धावपळ उपयोगी पडते, हे यातून दिसतं.

खांद्याचा हिशेब वेगळा. पिचरचा हात मोसमाआधीच्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये सहा आठवड्यांत हळूहळू तयार होतो: आधी एक-दोन इनिंग, मग पाच-सहा. १९६१ ची एनबीए फायनल ११ एप्रिलला संपली, तेव्हा बेसबॉलचा मोसम सुरूही झाला होता. कॉनलीला ही तयारी आणि हिवाळ्यातली विश्रांती दोन्ही मिळत नव्हती. १९६२ मध्ये रेड सॉक्ससाठी १५ विजय मिळवले, पण पुढच्याच वर्षी हात गेला.

आज हे जमणारच नाही. एनबीएचा मोसम जूनपर्यंत चालतो आणि पिचर फेब्रुवारीच्या मध्यालाच कॅम्पला हजर होतात. हेन्ड्रिक्सनही आधी एनबीए संपवूनच २००२ मध्ये मेजर लीगला पोचला. त्यातून मेजर लीगच्या ठरावीक करारात, क्लबच्या लेखी परवानगीशिवाय जे खेळ खेळायचे नाहीत त्यांत स्कीइंग, मोटार शर्यती आणि आइस हॉकीच्या जोडीला व्यावसायिक लीगमधल्या बास्केटबॉलचंही नाव घातलेलं आहे.