कर्सर सैरावैरा पळतोय? आधी चार्जर काढून बघा

कर्सर थरथरायला लागला, नको तिथं आपोआप क्लिक व्हायला लागलं की बरेच जण लॅपटॉप थेट फॉरमॅटला नेतात. ऑनलाइन अर्ज भरताना असं झालं तर जीव मेटाकुटीला येतो, घाई समजू शकते. पण बहुतेक वेळा त्यात विंडोजचा काही दोष नसतो. आधी चार्जरची पिन काढा आणि पाचेक मिनिटं बॅटरीवर काम करा.

कर्सर शांत झाला तर बिघाड एकतर चार्जरमध्ये आहे, नाहीतर घराच्या अर्थिंगमध्ये. टचपॅडला बोट कळतं ते दाबावरून नाही, कपॅसिटन्समधल्या, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतल्या, बारीकशा बदलावरून. चार्जरमधला विजेचा गोंगाट अर्थिंगच्या वाटेनं जमिनीत जायला हवा. ती वाट बंद असली की तो लॅपटॉपच्या बॉडीवर येतो आणि टचपॅडला खरं बोट कोणतं ते उमगत नाही. धातूच्या बॉडीवरून अनवाणी उभं राहून हलकेच बोट फिरवलं आणि झिणझिण्या आल्या, तर हेच कारण धरून चाला.

आपल्याकडं मराठवाड्यात हे फार आढळतं. थ्री पिन सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या भोकाला मागून वायरच जोडलेली नसते. कुठं एक्स्टेन्शन बोर्डाची केबलच दोन तारांची असते. अर्थिंगचा खड्डा असला तरी उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, कोळसा-मीठ कोरडं पडतं आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात बादलीभर पाणी टाकून बघा, फरक कळेल. लाईट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह (ओबडधोबड लहरींची वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरवर चार्जर लावला की कर्सर जास्त उड्या मारतो, हेही लक्षात ठेवा.

वायरमनकडून मल्टीमीटरनं तपासून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट दाखवतं. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच दाखवायला हवं. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट चालतं. मात्र कुणी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो म्हणालं, तर अजिबात करू देऊ नका. न्यूट्रल तुटली की त्या बोर्डावरच्या प्रत्येक उपकरणाच्या बॉडीत करंट उतरतो.

चार्जर काढूनही कर्सर पळतोच आहे? मग बॅटरी बघा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती टचपॅडच्या खालीच असते. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतो का, टचपॅड एका बाजूनं उचललाय का, क्लिक जड झालंय का? यातलं काहीही दिसलं तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी. लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायला तर मुळीच जाऊ नका. टोचली गेली तर पेट घेऊ शकते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२ च्या पुढं जातो. अशा वेळी पत्र्याच्या खोलीत दिवसभर १०० टक्क्यांवर चार्जिंगला ठेवलेली बॅटरी लवकर फुगते. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावायची सोय असेल तर ती वापरा.

बाकीची कारणं सोपी आहेत. टाइप करतानाच कर्सर उडी मारत असेल तर तळहात टचपॅडला लागतोय. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या टचपॅडच्या पानावर सेन्सिटिव्हिटी ‘लो’ करा. घामाचा, तेलाचा थर किंचित ओल्या कपड्यानं पुसा, पण लॅपटॉप बंद करून. टच स्क्रीन असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून ती डिसेबल करून बघा. तडा गेलेली काच आपोआप ‘टच’ देते. वायरलेस माऊसचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कशेजारी असेल तर दुसऱ्या बाजूला लावा.

टचपॅडचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) शेवटी बदला, तोही लॅपटॉप कंपनीच्याच वेबसाइटवरून. तरीही शंका उरली तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारी, विंडोजऐवजीची दुसरी सिस्टीम) चालवून बघा. तिथंही कर्सर पळाला तर दोष हार्डवेअरचा. फॉरमॅटचे पैसे वाचवा आणि टचपॅडची रिबन केबल (त्याला मदरबोर्डशी जोडणारी चपटी पट्टी) तपासून घ्या.