नऊ जणांसाठी एकच पातेलं

तळ्यापाशी पोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. हवा झपाट्याने गार पडत होती. आम्ही नऊ जण, चार तंबू, तीन मुक्काम. मोठ्यांचे खांदे भरून आले होते, पोरांचे पाय दुखत होते, आणि तंबूची पहिली खुंटी ठोकायच्या आधीच विचारणा सुरू झाली, "जेवायला काय आहे?"

ताईच्या पिशवीतल्या थंड डब्यात एक रुंद तोंडाची बाटली होती. तिच्यात मी घरी करून गोठवलेला टोमॅटोचा सॉस. सकाळी ती दगडासारखी होती. दिवसभर तिने बर्फाच्या लादीचं काम केलं, शेजारचं चीज आणि लोणी गार ठेवलं, आणि संध्याकाळपर्यंत जवळजवळ वितळली. गोठताना सॉस फुगतो, म्हणून बाटली भरताना वर दोन बोटं जागा सोडायची, नाहीतर ती तडकते.

मुक्कामावर सॉस चवदार व्हायचा असेल, तर त्याची खरी मेहनत घरी करून यावी, असं माझं ठाम मत आहे. कांदा सोनेरी व्हायला मंद आचेवर पाऊण तास लागतो. तेवढा गॅस तंबूपाशी कोण जाळणार? शिवाय टोमॅटोत जवळपास 95 टक्के पाणी असतं, आणि ते पाठीवर वाहून नेण्यात काही अर्थ नाही. मी तीन किलो टोमॅटो घेतले. आधी भरपूर तेलात कांदा, मग लसूण, मग टोमॅटोची पेस्ट गडद होऊन तेल सुटेपर्यंत परतली. ही पेस्ट परतण्याची पायरी बरेच जण गाळतात आणि मग सॉस कच्चट आंबट लागतो. शेवटी टोमॅटो घालून अर्ध्याहून कमी होईपर्यंत आटवले. मीठ मुद्दाम कमी ठेवलं, कारण मुक्कामावर तो पुन्हा आटणार होता.

पहिल्या रात्री पास्ता. माणशी 100 ग्रॅम, म्हणजे 900 ग्रॅम. तळं सुमारे 2,700 मीटर उंचीवर होतं आणि तिथे पाणी 91 अंशांच्या आसपासच उकळतं. पाकिटावरच्या वेळेवर विसंबलं तर पास्ता आतून कडक राहतो. म्हणून तो वेगळा उकळलाच नाही. मोठ्या पातेल्यात सॉस आणि दोन लिटर पाणी उकळलं, पास्ता थेट त्यात टाकला आणि वर झाकण. पहिली दोन-तीन मिनिटं मात्र सतत हलवावं लागतं, तेव्हाच तो एकमेकांना चिकटतो. पास्त्याचा स्टार्च सॉसमध्येच उतरतो, त्याने सॉस दाट होतो, तेल वेगळं तरंगत नाही, आणि गाळून फेकायला पाणीही उरत नाही. अंधारात उकळत्या पाण्याचं जड पातेलं घेऊन कुणी गाळायला जाऊ नये, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं.

भाचा बारा वर्षांचा आहे. तो शेजारी उकिडवा बसून ढवळत होता.

"झालं का गं, मावशी?"

"चमचा तळाशी टेकवून सरळ ओढ. मागे रेघ उरते का बघ."

रेघ लगेच बुजली. "अजून पातळ आहे," तो म्हणाला आणि पुन्हा ढवळायला लागला. चार वेळा रेघ ओढून झाल्यावर पाचव्या वेळी ती क्षणभर टिकली. मग आच बंद करून लोणी, चीज आणि मीठ घातलं.

पातेलं स्टीलचं होतं. हलकं म्हणून लोक साधं अॅल्युमिनियम आणतात, पण टोमॅटोचा आंबटपणा त्याच्याशी लढतो आणि जेवणाला धातूची चव येते. कोटिंग केलेलं असेल तर हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून पाऊस. चूल तंबूच्या आत घ्यावी असा आग्रह झाला आणि मी साफ नकार दिला. बंद तंबूत जळणाऱ्या स्टोव्हमधून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, जीव जाईपर्यंत कळत नाही. दोन झाडांमध्ये उंच ताडपत्री बांधली आणि चारही बाजू मोकळ्या ठेवल्या. स्वयंपाक तासभर उशिरा झाला, पण तो बाहेरच झाला.

त्या रात्री शेंगदाण्याच्या लोण्याचा सॉस आणि नूडल्स होत्या. सॉसमध्ये लसूण, सोया सॉस, थोडी साखर, आणि वरून लाल तिखट. हा सॉस माझ्या हातून बुडाला लागला. कॅम्पच्या स्टोव्हची ज्योत लहान असते, पातेल्याच्या मध्यावर एकवटते, आणि दाट पदार्थ तिथे लगेच धरतो. वास येताच खरवडलं नाही, वरचा भाग दुसऱ्या पातेल्यात ओतला, आणि सॉस वाचला. हा सॉस मुळात आचेवर करूच नये. भांड्यात शेंगदाण्याचं लोणी घेऊन नूडल्सचं गरम पाणी चमचा-चमचा घालत घोटायचं. आधी तो घट्ट गोळा होतो आणि बिघडला असं वाटतं. तिथे थांबायचं नाही. आणखी पाणी घातलं की तो अचानक सैल होऊन चकाकतो. तिखट खाणारे आणि न खाणारे, दोघांसाठी तोच सॉस चालला, कारण तिखट शेवटी वाटीत घातलं.

पहाटे इतकं गारठलं की चहासाठी स्टोव्ह पेटेना. स्टोव्हच्या डब्यातलं साधं ब्यूटेन शून्य अंशाजवळ वायू व्हायचं थांबतं, त्यामुळे थंडीत आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाचा डबा न्यावा. तसा एक होता, म्हणून सकाळ निभावली.

तिसऱ्या दिवसासाठी तोच टोमॅटोचा सॉस, पण वाळवलेला. कमी तेलाचा, ताटावर पातळ पसरून मंद उष्णतेवर वाळवला की त्याच्या लवचीक चामड्यासारख्या पट्ट्या होतात. वजन जवळजवळ नाहीच. दुपारीच त्या डब्यात पाण्यात भिजत घातल्या. संध्याकाळी मसूर आधी पूर्ण शिजवला आणि मगच सॉस ओतला. आंबट पाण्यात डाळी मऊ व्हायला फार वेळ लागतो, आणि उंचीवर तर त्या हट्टालाच पेटतात. ताई म्हणाली, तिन्ही रात्रींत हेच सगळ्यांत पोटभरीचं.

भांडी मात्र तळ्यात धुतली नाहीत. पाण्यापासून निदान 60 मीटर लांब नेली, आणि त्याआधी पावाच्या तुकड्यांनी पातेलं इतकं पुसून खाल्लं की धुवायला फारसं काही उरलंच नाही.

हे जेवणानंतरचं. त्याआधी, मसूर रटरटत असताना, भाच्याने माझ्या हातातला चमचा घेतला, तळाशी टेकवला आणि सरळ ओढला. रेघ टिकली. त्याने स्टोव्ह बंद केला आणि तंबूंकडे तोंड करून हाक मारली, "चला, वाट्या आणा!"