कार्ड परत पाठवण्यापूर्वी

संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवले आणि त्यानंतर काही बिघडले, की पहिला संशय कार्डावरच जातो. कालपर्यंत सारे सुरळीत होते आणि आज एवढी एकच गोष्ट बदलली, हा तर्क वरकरणी बिनतोड वाटतो; परंतु कार्डासोबत विजेची गरज बदलते, ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) बदलतो, सॉफ्टवेअरमधल्या जुन्या निवडी निरुपयोगी होतात आणि इतकी वर्षे जिच्यावर कधी ताणच पडला नव्हता अशी एखादी दुबळी जागा उघडी पडते. म्हापशाला राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या संगणकावर या पावसाळ्यात जे घडले, त्यात ही दुबळी जागा कॅबिनेटच्या आत नव्हतीच, म्हणून ते सविस्तर लिहावेसे वाटले.

भाचा वास्तुरचनेचा विद्यार्थी असून घरांची त्रिमितीय चित्रे ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करतो, म्हणजे आराखड्यावरून अंतिम चित्र संगणकाकडून तयार करून घेतो. त्याच्याकडचे जीटीएक्स १०५० टीआय हे एनव्हीडियाचे जुने कार्ड मोठ्या प्रकल्पांना पुरत नव्हते, म्हणून त्याने १२ जीबी मेमरीचे, एएमडीचे रेडिऑन आरएक्स ६७०० एक्सटी हे वापरलेले कार्ड विकत घेतले. वापरलेली वस्तू म्हटली की घरच्यांच्या मनात आधीच शंका असते. पहिल्याच दिवशी मॉनिटर काळा राहिला तेव्हा माझ्या बहिणीने या कार्डाचा पायगुणच बरा नसल्याचे जाहीर केले. परत करण्याची मुदत थोडी होती, त्यामुळे निदानही घाईने पण क्रमाने करणे भाग होते.

डिस्प्ले न येण्याची कारणे बहुधा साधीच असतात. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआय खाचेत नसून कार्डाच्या खाचेत आहे ना, हे सर्वांत आधी पाहावे. भाच्याचा प्रोसेसर इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ आहे. नावातल्या शेवटच्या ‘एफ’चा अर्थ त्यात अंतर्गत ग्राफिक्स नाही असा होतो, त्यामुळे मदरबोर्डच्या खाचेतून चित्र येण्याची शक्यताच नसते. केबल योग्य जागी होती. मदरबोर्डवरचा ‘व्हीजीए’ असे लिहिलेला छोटा दिवा मात्र लागलेलाच राहत होता, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांची तपासणी पार पडून गाडी कार्डापाशी अडत होती.

इथे दोन्ही कार्डांमधला एक मोठा फरक लक्षात घ्यावा लागतो. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. जीटीएक्स १०५० टीआयची गरजच साधारण तेवढी असल्यामुळे त्याच्या बऱ्याच मॉडेलांना वेगळी वीज केबल लागत नाही. आरएक्स ६७०० एक्सटीची गरज २३० वॅटची आहे आणि त्यासाठी त्याला एक ८ पिनांची व एक ६ पिनांची अशा दोन केबली जोडाव्या लागतात. पहिली १५० वॅटपर्यंत आणि दुसरी ७५ वॅटपर्यंत वीज पुरवते. भाच्याने दोन्ही जोडल्या होत्या, परंतु एकाच केबलला पुढे फुटलेल्या दोन तोंडांनी. एवढ्या भाराला ते चालून जाते, तरी एसएमपीएसला, म्हणजे कॅबिनेटमधल्या सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला, दुसरी केबल उपलब्ध असताना सारा प्रवाह एकाच केबलमधून का न्यावा, म्हणून मी दोन स्वतंत्र केबली जोडायला लावल्या. प्रोसेसरची ८ पिनांची केबल दिसायला कार्डाच्या केबलसारखीच असते, पण तिच्या तारांची रचना वेगळी असते, म्हणून ती कार्डाला लावू नये. तसेच सुटी होणारी केबल दुसऱ्या एसएमपीएसची असेल तर ती बसते म्हणून वापरू नये. एसएमपीएसच्या बाजूचा पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा निराळा असू शकतो आणि त्यातून कार्डासह मदरबोर्डही जळू शकतो.

केबली बदलूनही दिवा लागलेलाच होता. कार्ड काढून पाहिले तेव्हा स्लॉटच्या मागच्या टोकाला धुळीचा ओलसर थर बसलेला दिसला. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जो दमटपणा असतो, आणि किनाऱ्यालगतच्या गावांत त्यात जो खारटपणा मिसळतो, त्याने कॅबिनेटमधली धूळ कोरडी राहतच नाही. ती मऊ ब्रशाने काढली, कार्डाच्या सोनेरी पट्टीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले कापड हलक्या हाताने फिरवले आणि ती पूर्ण वाळू दिली. ही पट्टी खोडरबराने घासण्याची पद्धत दुरुस्तीच्या दुकानांतून सर्रास दिसते, पण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो, म्हणून मला ती पसंत नाही. त्यानंतर स्लॉटच्या टोकाची खिट्टी ‘खट्’ असा आवाज करीपर्यंत कार्ड दाबून बसवले, मागचे स्क्रू आवळले, आणि डिस्प्ले आला.

ड्रायव्हरविषयी थोडक्यात सांगतो. एनव्हीडियाकडून एएमडीकडे जाताना जुना ड्रायव्हर मुळापासून काढणे चांगले. त्यासाठी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे मोफत साधन वापरावे आणि नवा ड्रायव्हर बसेपर्यंत इंटरनेट तोडून ठेवावे, नाहीतर विंडोज अपडेट आपल्या पसंतीचा ड्रायव्हर मध्येच आणून बसवते. ब्लेंडरमध्ये वेगळीच गंमत झाली. कार्ड चालत असूनही रेंडर प्रोसेसरवरच होत होते, कारण प्रेफरन्सेसमधील ‘सिस्टीम’ या भागात एनव्हीडियासाठीचा क्युडा हा पर्याय निवडलेला राहिला होता. एएमडीसाठी तिथे एचआयपी निवडावे लागते. ते केल्यावर वेग एकदम वाढला आणि खरी अडचण तिथूनच सुरू झाली.

लांबलचक रेंडर चालू असताना संगणक एकाएकी बंद पडू लागला. बंद पडण्याच्या तऱ्हा नीट पाहिल्या तर निम्मे निदान तिथेच होते. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला, गाणे चालू असेल तर ते चालूच राहिले, आणि विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद सापडली, तर कार्डाने ठरलेल्या वेळात, म्हणजे मुळात दोन सेकंदांत, उत्तर दिले नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा सुरू केला असे समजावे. तिथे ड्रायव्हर, ओव्हरक्लॉक (कार्ड ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) किंवा क्वचित खुद्द कार्ड दोषी असू शकते. उलट पंखे, दिवे, आवाज सारे एका क्षणी थांबले तर तो विजेचा प्रश्न असण्याची शक्यता फार मोठी असते. अशा वेळी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद हमखास सापडते आणि लोक तिलाच कारण मानून बसतात. वास्तविक मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झाले नव्हते, एवढेच ती सांगते.

भाच्याकडचा प्रकार सरळ दुसरा होता. ज्या दुकानदाराला त्याने फोनवर विचारले, त्याने एसएमपीएस बदलण्याचा सल्ला दिला. एसएमपीएस ६५० वॅटचा, चांगल्या प्रतीचा होता आणि या कार्डासाठी एएमडी तेवढ्याचीच शिफारस करते, त्यामुळे मला तो सल्ला पटेना. शिवाय एखाद्या रात्री रेंडर तासन्‌तास निर्वेध चाले आणि एखाद्या संध्याकाळी काही मिनिटांत बंद पडे. दोष कार्डात किंवा एसएमपीएसमध्ये असता, तर त्याने पावसाच्या सरींचे वेळापत्रक पाळले नसते. सर जोराची आली, खोलीतला दिवा जरा मंदावला, टेबलाखालून यूपीएसची ‘टिक्’ ऐकू आली आणि त्याच क्षणी संगणक गेला, हे मी समोर बसून पाहिले.

तो यूपीएस ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) होता, जसा आपल्याकडे बहुतेक घरांत असतो. खोक्यावरचा हा मोठा आकडा वॅटचा नसतो. त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ३६० वॅट असे लिहिलेले होते. आता हिशेब करून पाहू. कार्ड २३० वॅट, प्रोसेसर सत्तरच्या आसपास, मदरबोर्ड, पंखे आणि डिस्क मिळून पन्नासेक. एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज धरली तर भिंतीतून ओढली जाणारी वीज ४०० वॅटच्या घरात जाते आणि मॉनिटर त्याच यूपीएसवर असतो. जुन्या कार्डाच्या काळात हीच बेरीज मर्यादेच्या बरीच खाली राहत असे. घरातला विजेचा दाब व्यवस्थित असला की यूपीएस बाहेरची वीजच पुढे देतो आणि थोडा जादा भार निभावून जातो. दाब घसरला की तो बॅटरीवर जातो, आणि तिथे ३६० वॅटच्या इन्व्हर्टरवर ४०० वॅटहून अधिक भार आल्यामुळे स्वतःला वाचवण्यासाठी तो सारेच बंद करतो.

खात्री करून घेण्यासाठी अर्थिंग तपासलेल्या भिंतीच्या सॉकेटला संगणक थेट जोडून रेंडर चालवले. त्यासाठी विजा नसलेला कोरडा दिवस निवडला. एकदाही बंद पडला नाही. नवा यूपीएस येईपर्यंत एएमडीच्या सॉफ्टवेअरमधून कार्डाची वीजमर्यादा खाली आणली आणि मॉनिटर यूपीएसवरून काढला. आता त्याच्याकडे ११०० व्हीएचा, म्हणजे ६६० वॅटचा यूपीएस आहे. रेंडर चालू असताना वीज गेली तर फाइल जतन करून संगणक रीतसर बंद करण्यापुरता वेळ त्यावर मिळतो, आणि त्याहून जास्त अपेक्षा मी तरी ठेवणार नाही. कार्ड अर्थातच ठेवून घेतले.

एक काम मात्र राहिले आहे. प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी रिसायझेबल बार ही सुविधा चालू करायची तर मदरबोर्डच्या बायोस सेटिंगमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीच्या डिस्कवरून संगणक सुरू करण्याची सोय) बंद करावे लागते, आणि भाच्याची विंडोज १०ची डिस्क जुन्या संगणकातून आणलेली, एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीची आहे. तिचे नव्या जीपीटी पद्धतीत रूपांतर न करता सीएसएम बंद केले तर विंडोज सुरूच होणार नाही आणि पुन्हा कार्डावर बालंट येईल. रूपांतरासाठी एमबीआर२जीपीटी हे साधन विंडोजमध्येच मिळते, पण आधी सर्व फाइलींची प्रत काढायला हवी. त्याचे प्रकल्प चवथीपूर्वी द्यायचे असल्याने ते आम्ही सुट्टीवर ढकलले आहे. रेंडरच्या वेगात त्यामुळे फारसा फरक पडणार नाही.