युगांडाची सेवायात्रा आणि पिवळ्या तापाची लस: माझा अनुभव

युगांडाला जायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी पासपोर्टचंच भय घातलं होतं. तो बेळगावच्या पोस्टातल्या केंद्रात अर्ज देऊन मुकाट्याने घरी आला. आम्हाला अडवलं ते पिवळ्या तापाच्या लसीने. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आमची ख्रिस्ती मंडळी मराठी. लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० साली बेळगावात आले, तेव्हापासून बाहेरच्यांनी येऊन आमच्यासाठी शाळा काढल्या, आजाऱ्यांची सेवा केली. आता आपणही कुणाच्या तरी दारी जावं, असं पाळकसाहेब कितीतरी वर्षं म्हणत होते. मसाका भागातल्या एका मंडळीने आरोग्य शिबिरासाठी बोलावलं. मी निवृत्त नर्स, लगेच नाव दिलं.

युगांडाचा व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण अर्जालाच लसीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. म्हणजे लस नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर तिकीट नाही. आणि ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या केंद्रातच घ्यावी लागते.

आम्ही आधी एका मोठ्या शहरातलं केंद्र धरलं. फोन वाजत राहायचा. शेवटी एकाने उचलला आणि "बुधवारी या" एवढंच सांगून ठेवला. रात्रभर बसमध्ये बसून सकाळी खिडकीशी गेलो, तर माणसं कमी आहेत, आज बाटली फोडणार नाही! एका बाटलीत दहा जणांची लस असते आणि पातळ केल्यावर ती सहा तासांत संपवावी लागते. हे मला नव्याने सांगायला नको, लस वाया घालवू नये हे मीही जन्मभर पाळलंय. पण येणाऱ्यांची नावं नि फोन नंबर एका वहीत लिहून घ्यायला काय लागतं? दहा नावं झाली की फोन करा, आम्ही धावत येऊ. मी हे त्यांना सांगितलं. "नाळे बन्नी," म्हणजे 'उद्या या', असं कन्नडमध्ये उत्तर आलं.

दुसऱ्या वेळी उलटंच. गर्दी इतकी की आमच्यापर्यंत येईतो बाटली संपली. आमच्यातले खानापूरचे काका साठीच्या पुढचे. त्यांना तर खिडकीशी पोहोचल्यावर कळलं की डॉक्टरांची चिठ्ठी हवी. या वयात ही लस जपून द्यावी लागते, चिठ्ठी मागणं बरोबरच आहे. मग ते फोनवर का सांगू नये? दाराबाहेर एक कागद का चिकटवू नये? काका उन्हात पायरीवर बसले होते. ते एका शब्दानेही बोलले नाहीत. मीच बोलले, मोठ्याने बोलले आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

मग कुणीतरी मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयाचं नाव सुचवलं. फोनवर वार, वेळ, कागद सगळं नीट सांगितलं. चोर्ला घाटातून वास्को गाठलं आणि त्याच सकाळी दंडात सुई. लसीच्या प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक हातात पडल्यावर मी गाडीतच प्रार्थना केली.

लस घ्यायला जाताना पासपोर्ट मूळच न्या. त्याचा नंबर पुस्तकात लिहितात, तो तिथेच ताडून बघा. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगायलाच हवं. एकदा घेतलेली लस २०१६ पासून जन्मभर चालते, त्यामुळे जुनं पुस्तक असेल तर ते शोधा. आणि परतताना पुस्तक पेटीत टाकू नका. ते नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

मसाक्यात पहिल्याच सकाळी तिथल्या सिस्टरने स्पष्ट सांगितलं: इंजेक्शन आम्ही देणार, तुम्ही बीपी बघा, मुलांची वजनं करा, जखमा धुवा. मला ते पटलं. तिथल्या नर्सिंग कौन्सिलची तात्पुरती नोंदणी नसताना आपण सुई हातात घेऊ नये, मग इथे कितीही वर्षं नोकरी केलेली असो. उपचार करायचेच असतील तर ती नोंदणी निघायच्या आधी करा.

आणि तिथे काय बघितलं? गावच्या आरोग्यसेविकेने आदल्या दिवशीच घरोघर फिरून नावं लिहिली होती. साधी शाळेची वही. बायका पाठीवर मुलं बांधून येत होत्या, म्हाताऱ्यांना मोटरसायकलवरून आणत होते. ती नाव पुकारायची आणि माणूस पुढे यायचा. औषधं कमी पडली त्या दिवशी तिने उरलेल्यांच्या घरी आधीच निरोप धाडले, कुणी फुकट चालत आलं नाही. मी तिला आमच्या लसीची सगळी हकिकत सांगितली. तिने वही उघडून ती रकाने कसे आखते ते मला दाखवलं.

एक राहिलंच. मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिनची गोळी घेत असाल तर घरी परतल्यावरही चार आठवडे रोज घ्यायची. आमच्यातले दोघे मधेच सोडायला निघाले होते, मी रोज रात्री फोन करून विचारत होते.